गोलामागची जागा

तात्या गोरड सामना चालू असताना बाकावर कधी बसले नाहीत. ते गोलामागे उभे राहत. तेही आपल्या नव्हे, समोरच्या संघाच्या गोलामागे. डोक्याला पांढरा रुमाल, कडक इस्त्रीची करडी पँट, हात पाठीमागे बांधलेले. मध्यंतराला संघांनी बाजू बदलल्या की तात्याही मैदानाला वळसा घालून, कुणाशी न बोलता, दुसऱ्या टोकाला जाऊन उभे. प्रशिक्षकाने बाकावर बसायचं असतं, असं एका तरुण पंचाने त्यांना एकदा समजावलं. तात्या म्हणाले, "बाकावर बसाया मी काय पेन्शनर हाय व्हय?"

ते पेन्शनरच होते. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते सांगलीला आले. दिवसा कुपवाडच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आणि संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या मुलींना हॉकी शिकवायला. पंचांनी पुढे त्यांचा नाद सोडला. कागदोपत्री प्रशिक्षक म्हणून बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळणारे आमचे ग्रंथालयातले शिपाई बसत आणि ते काम ते अत्यंत गंभीर चेहऱ्याने करत.

गोलामागे का, असं मी विचारलं तेव्हा तात्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. त्यांचं बालपण माण तालुक्यात मेंढरांमागे गेलेलं. "सांजच्याला मेंढरं वाघुरीत घ्यायची आसत्यात," ते म्हणाले. वाघूर म्हणजे रानात उभा केलेला जाळीचा कोंडवाडा. "मागनं किती बी हाकला, बिथारत्यात. पर वाघुरीच्या तोंडाला आपला मानूस उभा दिसला, की सरळ पळत येत्यात. पोरींचं तेच हाय. कुटं जायाचंय ते दिसलं पायजे."

"म्हणजे तुम्ही मुलींना मेंढरं म्हणताय," मी म्हणालो.

"आवं, मेंढराला नावं ठिवू नका. मेंढरू मीटिंग घेत न्हाई."

मी इतिहास शिकवतो. क्रीडा समितीचा अध्यक्ष झालो तो एका सभेला गैरहजर राहिल्यामुळे. त्या नात्याने पहिल्यांदा मैदानावर गेलो, तर तात्या एका मुलीवर ओरडत होते, "ए रहिमतपूर, झोपलीस का गं? आन् म्हसवड, तू तिच्या गळ्यात पडायला गेलीस का बॉल घ्यायला?" मला वाटलं, दोन गावांत भांडण लागलंय. मग कळलं की तात्या कुणालाच नावाने हाक मारत नाहीत. मुलगी ज्या गावची, ते तिचं नाव. एका गावच्या दोघी आल्या की थोरली आणि धाकली. कडेगावची एक मुलगी तीन वर्षं धाकली कडेगाव म्हणून खेळली. थोरली पहिल्याच वर्षी लग्न करून गेली होती, तरी हिला बढती मिळाली नाही.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून विचारलं, "गाव कंचं?"

"तसं गाव नाही. वडील बँकेत होते. बदल्या होत राहिल्या."

"आसं कसं न्हाई? मूळ?"

"मूळही नीट माहीत नाही."

तात्या खरोखर अस्वस्थ झाले. स्टिक काखेत धरून त्यांनी विचार केला. "ऱ्हाता कुटं?"

"कुपवाडला. भाड्याने."

"मंग तुमी कुपवाड," ते म्हणाले आणि प्रश्न निकालात निघाल्यासारखे पुन्हा रहिमतपूरकडे वळले. भाडेकरार अकरा महिन्यांचा होता. गाव मात्र मला कायमचं मिळालं. वयाच्या चाळिशीपर्यंत सगळे मला सर, साहेब किंवा प्राध्यापक म्हणत. आपण कुठले तरी आहोत, हे सुख मला त्या संध्याकाळी मुरमाच्या धुळीत मिळालं.

तात्या संत नव्हते. त्यांना मिशीचा फार अभिमान होता आणि मिशीला लावायचा कलप दर पंधरवड्याला कपाळापर्यंत पोचलेला असे. हरल्यावर ते दोन दिवस रुसत आणि रुसले की फक्त हिंदीत बोलत. कुणी चुकीचा पास दिला की "ये कौनसा मैप पढ़के आयी है?" असं विचारत. गोलरक्षक मुलींवर त्यांचा विश्वास नव्हता. जी पोरगी आपण होऊन गोलात उभी राहते तिच्या मनात काहीतरी असतं, असं त्यांचं मत होतं. सत्कारात ते झोपत. शाल खांद्यावर पडली की डोळे मिटत, नारळ हातात आला की घोरू लागत. आमचे संस्थाध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, एकदा हॉकीवर पाऊण तास बोलले. सभागृहात तेवढा वेळ सलग त्यांच्याखेरीज फक्त तात्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि तोही अधिक नियमित.

भाऊसाहेबांनीच मुरमाचं मैदान काढून तिथे नकली गवत अंथरलं. त्याचं उद्घाटन दोनदा झालं, कारण पहिल्या वेळी यायचे पाहुणे दुसऱ्या वेळी आले. खेळाआधी त्या गवतावर पाणी मारावं लागतं, नाहीतर खेळाडूंची कातडी सोलवटते, हे तात्यांना कळलं तेव्हा ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसले. फवारे उडत होते. माणमधल्या माणसाने ते दृश्य ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

"कुपवाड," ते म्हणाले, "खरं गवत पान्याबिगार मरतं म्हनून हे प्लाष्टिकचं आणलं का न्हाई?"

"हो."

"आन् आता प्लाष्टिकला तहान लागली."

त्याच वर्षी भाऊसाहेबांनी ठरवलं की असल्या मैदानाला रीतसर हेड कोच हवा. तोवर तात्यांचं पद तासिका तत्त्वावरचे मार्गदर्शक असं काहीतरी होतं आणि वयाची सत्तरी जवळ आली होती. त्यांना निरोप द्यायचा, पण मान राखायचा, म्हणून निवड समितीत त्यांचं नाव घातलं. भाऊसाहेब, प्राचार्य, मी आणि तात्या, असे चौघे. आपल्या जागी कोण येणार हे तात्यांनी ठरवायचं होतं. निदान आम्हाला तसं वाटलं.

कोण यायला हवं हे तात्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, फवाऱ्यांचा नळ सोडणाऱ्या माळ्यालाही ठाऊक होतं. लता शिंगाडे. तात्यांच्या भाषेत दहिवडी. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींमधली सगळ्यांत तापट आणि सगळ्यांत हुशार. खेळायची थांबल्यावर प्रशिक्षकाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली. एका शाळेत मुलींना शिकवत होती. तिच्याबद्दल तात्या तिच्या तोंडावर कधी चांगलं बोलले नाहीत. पाठीमागे मात्र दुसरं बोलत नसत. "दहिवडीला मी शिकवलं न्हाई," ते म्हणत. "माझ्यावर चिडून शिकली ती. मी म्हनायचो उजवीकडनं, ही जायाची डावीकडनं, आन् गोल करून माझ्याकडं आशी बघायची, की आता बोला."

मुलाखतींच्या दिवशी तात्या नवा रुमाल बांधून आले. पहिले उमेदवार पुण्याचे, विक्रांत सर. त्यांनी पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवली. त्यांच्या तोंडी व्हिजन हा शब्द इतका आला की प्राचार्यांनी चष्मा पुसला. पण माणूस सभ्य होता, अभ्यास होता. भाऊसाहेब खूश झाले. तात्यांनी एकच विचारलं, "सर, तुमी मॅचला कुटं हुबं ऱ्हाता?" ते म्हणाले, "मी टॅबवर डेटा बघतो." तात्यांनी मान डोलावली. त्यात टोमणा नव्हता. एखाद्या दूरदेशीच्या माणसाने आपल्या चालीरीती सांगाव्यात तसं त्यांनी ते ऐकून घेतलं.

मग शिपायाने लता शिंगाडे हे नाव पुकारलं आणि तात्या उठले.

"कुठे निघालात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"भाईर. ही माझी हाय."

"तुमची म्हणजे नातेवाईक?"

"न्हाई. माझ्या हाताखालची. माझ्या तालुक्यातली, माझ्या जातीची. मी हितं बसून तिला निवडली तर उंद्या लोक म्हनत्याल, तात्यानं चिकटवली. तिनं मारलेले समदे गोल पुसून जात्याल." आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "कुपवाड, तुमी हाय की."

मी त्यांचा हात धरला. म्हणालो, तात्या, इथे सगळेच आपापल्या माणसासाठी बसलेत, तुम्ही एकटेच का उठताय? त्यांनी हात सोडवला. लष्करात असंच असतं, म्हणाले. लष्करात तसंच असतं का, मला माहीत नाही. पण तात्यांच्यात होतं. ते बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

दुसऱ्या दाराने लता आत आली. तिची नजर आधी रिकाम्या खुर्चीवर गेली. खुर्चीपुढे टेबलावर तात्यांचा चष्मा तसाच पडला होता.

"तात्या न्हाईत?" तिने विचारलं.

"ते बाहेर गेले आहेत," प्राचार्य म्हणाले. "थांबायचं नाही म्हणाले."

प्राचार्य खोटं बोलले नाहीत. पण त्या वाक्याने लताच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. त्यानंतर तिने प्रत्येक प्रश्नाला अंगावरचं पाखरू झटकावं तसं उत्तर दिलं. भाऊसाहेबांनी विचारलं, घरसंसार सांभाळून जमेल का, स्पर्धांना बाहेरगावी जावं लागेल. ती म्हणाली, "मालक चपात्या करत्यात. माझ्यापरास गोल." मी हसलो. एकटाच हसलो. तिला जे येत होतं ते तिच्याकडून काढून घ्यायचा मी खूप प्रयत्न केला. पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती खुर्चीकडे पाहत होती.

दोन विरुद्ध एक. तात्या बसले असते तर दोन विरुद्ध दोन झालं असतं, आणि प्राचार्य हे बरोबरी झाली की घाबरून न्यायाच्या बाजूला जाणारे गृहस्थ आहेत, हे मी अनेक सभांत पाहिलंय. विक्रांत सरांची निवड झाली. लता आली त्याच दाराने निघून गेली. तात्या पायरीवर बसून राहिले. मी निकाल सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "माझा चष्मा आत ऱ्हायला का?"

पुढे कळलं की लताला साताऱ्याच्या एका कॉलेजने घेतलं. तिने तात्यांचे फोन उचलणं बंद केलं. तात्यांनी मला बजावलं होतं, खरं काय ते तिला सांगायचं नाही. "तुमी सांगितलं तर ती म्हनंल, तात्यानं वकील धाडला. ऱ्हाऊ द्या." पण कारखान्याची पाळी सुटल्यावर ते आमच्या मैदानाच्या कुंपणाशी येऊन उभे राहत. विक्रांत सर अदबीने आत बोलावत. तात्या नको म्हणत. मुलींना आता पाठीवरच्या आकड्यांनी हाका मारल्या जात होत्या. "आकड्याला कोन वळून बघतंय?" तात्या कुंपणाला म्हणत. "गावाचं नाव घेतलं की पोरीच्या मागं तिचं घरदार, तिची यष्टी, समदं हुबं ऱ्हातं." मग हमखास एकच प्रश्न: "दहिवडीचं काय कळलं का?"

मला जे कळे ते मी सांगत असे. ती साताऱ्यात मुली गोळा करतेय. जावळीतून दोघी आणल्यात. ओरडते फार. शेवटचं ऐकून तात्यांचा चेहरा उजळे.

दुसऱ्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम लढत साताऱ्यात झाली. आमचं कॉलेज विरुद्ध लताचं. मी माझ्या गाडीतून तात्यांना घेऊन निघालो. पेठ नाका आला, कराड गेलं, उसाच्या ट्रॉल्यांमागून आम्ही रांगत होतो आणि तात्या एक शब्द बोलत नव्हते. उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "ती वळकंल का हो?"

"तात्या, दीड वर्ष झालंय. ओळखणार नाही?"

"तसं न्हवं," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मैदानावर मंडप होता. भाऊसाहेब फेटा बांधून पहिल्या रांगेत. विक्रांत सर टॅब घेऊन बाकावर. पलीकडच्या बाकापुढे लता उभी, गळ्यात शिट्टी. तिने आम्हाला पाहिलं आणि पाठ केली. आमच्या मुली डावीकडचा गोल राखत होत्या, उजवीकडे चढाई करणार होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीने मी तात्यांना घेऊन उजवीकडे निघालो. चार पावलांवर लक्षात आलं, मी एकटाच चाललोय.

तात्या डावीकडे चालले होते. साताऱ्याच्या कोवळ्या, पण डोळ्यांत खुपणाऱ्या उन्हात, मंडपासमोरून, सगळ्यांना दिसेल असे. ते आमच्या गोलामागे जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे. म्हणजे लताच्या मुली ज्या दिशेने धावणार होत्या, तिथे.

भाऊसाहेब उठून आले. खेळातलं त्यांना फार कळत नसे, पण माणूस कुणाच्या बाजूला उभा आहे हे त्यांना उत्तम कळतं. "तात्या, जागा चुकली तुमची!"

"न्हाई साहेब," तात्या मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "जागा मागंच चुकलीवती. आज बरुबर हाय."

मी लताकडे पाहत होतो. शिट्टी तोंडाजवळ नेलेला तिचा हात तसाच राहिला. तिने मैदानाच्या त्या टोकाला पाहिलं आणि पाहतच राहिली. तिला काय झालं ते मी सांगू शकणार नाही. ती जागा कुणासाठी असते, हे त्या मैदानावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती एकदम वळली आणि तिचा आवाज फुटला, "ए मेढा! पाय हालव! वडूज, बाजूनं ये, बाजूनं! रहिमतपूर, तुला आवतान देऊ का?"

तात्यांचे ओठ हलले. ती गावं ते मनातल्या मनात पुन्हा म्हणत होते.

मध्यंतराला तात्या वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले. आता गुडघा धरून चालत होते. सामना लताच्या संघाने जिंकला. आमच्या मुलीही चांगल्या खेळल्या. सामना संपल्यावर त्यांना तात्यांनीच आधी गाठलं आणि प्रत्येकीला तिच्या गावाने हाक मारून पाठीवर थाप दिली. भाऊसाहेबांना ते कळलं नाही. मुलींना कळलं.

लता उशिरा आली. जिंकलेली ढाल कुणाच्या तरी हातात देऊन आली. मला वाटलं, आता खुर्चीचा विषय निघेल, रडारड होईल. तसलं काही झालं नाही.

"गुडघ्याला काय लावताय?" तिने विचारलं.

"कायबी न्हाई. तुझी रहिमतपूर लय आत घुसती गं. मागं जागा मोकळी पडती."

"तुमीच शिकवलंय."

"मी कवा? मी म्हनायचो थांब. तू घुसायचीस."

"मंग गोल व्हायचा का न्हाई?"

"व्हायचा," तात्या म्हणाले. एवढंच. आणि तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावायच्या आधी त्यांनी रुमाल सोडून तोंड पुसायला घेतलं. ते पुसणं बराच वेळ चाललं.

परतीच्या वाटेवर ते अखंड बोलत होते. पुढच्या वर्षी मेढ्याच्या मुलीला मधे खेळवायला हवं, दहिवडीला सांगितलं पाहिजे, ती ऐकणार नाही, पण सांगितलं पाहिजे. कराडनंतर बोलता बोलता झोपी गेले. सत्कारातल्यासारखं घोरत नव्हते. शांत झोपले होते.

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. उन्हाळ्यात ते गावी गेले होते. सकाळी अंगणात मिशीला कलप लावायला बसले आणि आरसा हातातच राहिला. कॉलेजच्या शोकसभेत भाऊसाहेबांनी त्यांना क्रीडामहर्षी म्हटलं. फार लांब बोलले. सभागृहात घोरण्याचा आवाज आला नाही, आणि ती शांतता मला सहन होईना म्हणून मी बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो.

यंदा विक्रांत सर मोठ्या पगारावर पुण्याला परत गेले. पुन्हा हेड कोच नेमायचा आहे. या वेळी भाऊसाहेबच म्हणाले, त्या साताऱ्याच्या बाईंना आणा, त्या जिंकतात. म्हणून मागच्या आठवड्यात मी साताऱ्याला गेलो. सराव चालू होता. पाय आपोआप मैदानाच्या त्या टोकाला वळले आणि मी गोलामागे उभा राहिलो, हात पाठीमागे.

"आवं कुपवाड!" लता लांबून ओरडली. "जरा कडंला व्हा, बॉल लागंल!"

तात्या गेल्यापासून मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

ती जवळ आली. मी निरोप सांगितला: पद, पगार, मुलाखतही नको म्हणालेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ज्या जागेसाठी तिने दीड वर्ष एका म्हाताऱ्याशी अबोला धरला, ती जागा मी तिच्यापुढे धरून उभा होतो.

"सर, न्हाई जमायचं," ती म्हणाली. "ह्या पोरी हायत. आन् तितं आले, तर सामन्याला माझी नजर गोलामागं जानार. तितं कोन उभं आसनार?"

"मग जागा रिकामीच राहील आमची."

"ऱ्हाऊ द्या की थोडे दिस," ती म्हणाली. "भरायची कशाला येवढी घाई?"

शिट्टी वाजली. मी कडेला झालो नाही. समोरून साताऱ्याच्या मुली चढाई करत आल्या. मेढा, वडूज, रहिमतपूर, केस सुटलेले, तोंडं लाल, नजर माझ्या डोक्यावरून नाही, बाजूने नाही, थेट माझ्यावर. माणसं आपल्याकडे अशी पळत येतात हे तात्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मला ते पहिल्यांदा दिसत होतं. त्या माझ्याकडे येत नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी जागा सोडली नाही.